पिझ्झा घरी करा, पण थर कमी लावा

"डॉक्टर, मुलं पिझ्झा मागतात. द्यावा का?" कामतघरच्या आया हा प्रश्न हल्ली नेहमी विचारतात. माझे उत्तर असे : अधूनमधून द्यावा, पण घरी केलेला आणि मूळ इटालियन पद्धतीचा.

आपल्याकडे पिझ्झा म्हणजे केचप आणि त्यावर चीजचा जाड थर. पिझ्झाचे माहेर असलेल्या नेपल्स शहरात मात्र 'मारिनारा' या जुन्या प्रकारात चीज नसतेच. कुस्करलेले टोमॅटो, लसणाचे काप, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, बस्स. 'मार्गेरिता'वर टोमॅटो, थोडे मोझरेला चीज व बेसिलची पाने असतात. बेसिल ही तुळशीची बहीण. फालुद्यातला सब्जा हे तिचेच बी.

खरा मुद्दा मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही, एवढेच मीठ खावे. प्रोसेस्ड चीज व केचपमध्ये मीठ आधीच असते. नातवंडांबरोबर पिझ्झा खाणाऱ्या आजोबांना रक्तदाब असेल, तर त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

म्हणून केचपऐवजी ताजे टोमॅटो कुस्करून लावावेत. लसूण भरपूर घालावा. चीज किसून विरळ पसरावे. वरून मीठ भुरभुरू नये. चीज घेताना वेष्टन वाचावे. त्यावर 'अ‍ॅनालॉग' लिहिले असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी बहुधा वनस्पती तेल असते. सोबत काकडी-गाजराची कोशिंबीर घ्यावी. मुलांचा हट्टही पुरेल आणि आजोबांचे पथ्यही सांभाळले जाईल.