घरात काम झालं आणि एसी गार करेना

आज एका नेहमीच्या तक्रारीपासून सुरुवात करू. घराला रंग दिला, पीओपी केलं. त्यासाठी स्प्लिट एसी काढला आणि काम झाल्यावर परत बसवला. आधी खोली लगेच गार व्हायची. आता तासभर नुसती हवा. मेकॅनिक येतो, म्हणतो, 'गॅस संपलाय, भरावा लागेल.' आपण पैसे देतो. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच!

इथे जरा थांबा. एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. म्हणजे कमी झाला असेल, तर कुठेतरी निसटला. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

पण आधी, गॅसच कमी आहे का? ते घरबसल्या बरंचसं कळतं.

पहिलं, फिल्टर. पीओपी घासल्याची पांढरी धूळ त्यात बसते आणि हवा अडते. काढा, धुवा, वाळवून लावा.

दुसरं, आउटडोअर युनिट. कामात त्याच्यासमोर नवी जाळी, पत्रा, कपाट आलंय का? बाहेर टाकलेली गरम हवा तिथेच कोंडली, तर यंत्र तीच परत ओढतं. घरातल्या युनिटभोवती सजावटीची पेटी केली असेल, तर तिथेही तसंच; फक्त गार हवेचं.

तिसरं, साधा थर्मामीटर. एसी कूल मोडवर, पंखा जोरात, पंधरा मिनिटं चालू द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो कमी दिसू शकतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

आणि पाणी भिंतीवर टपकत असेल, तर बहुधा ड्रेन पाइपचा उतार चुकलाय. आउटडोअरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

एवढं करूनही फरक दोन-चार अंशच राहिला आणि आउटडोअरमधून गरम वाराही येत नसेल, तर गॅस किंवा कॉम्प्रेसर. मग मेकॅनिकला बोलवा, पण उभं राहून काम बघा.

(श्रोत्यांतून प्रश्न: बघायचं म्हणजे नेमकं काय?)

चांगला प्रश्न. तीन गोष्टी. एक, नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावला का? काढ-घाल झाली की गळती बहुतेक तिथेच असते. बुडबुडे आले की सापडली. दोन, गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावला का? नळ्यांतली हवा आणि ओल त्यानेच निघते. तीन, गॅस काट्यावर मोजून भरला का? किती ग्रॅम हवा, हे आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. नव्या एसींमध्ये बऱ्याचदा आर-३२ असतो आणि तो थोडासा ज्वलनशील आहे. त्यामुळे तिथे 'अंदाजपंचे' चालत नाही.

आणि पुढच्या वेळी एसी काढण्याआधीच विचारा, 'पंप डाऊन करणार ना?' म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून मगच नळ्या सोडणार ना? तो हवेत सोडून दिला, तर परत भरायचे पैसे तुमचेच जाणार.