परोपकाराचा अदृश्य खर्च

परदेशातील एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यावयाची, त्याचे छायाचित्र घरात लावावयाचे आणि अधूनमधून त्याच्याशी पत्रव्यवहार करावयाचा, ही प्रथा पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. स्पेनच्या यादवी युद्धात निराधार झालेल्या मुलांसाठी १९३७ साली निघालेली संस्था पुढे ‘प्लॅन इंटरनॅशनल’ म्हणून जगभर पसरली. ब्रिटनमधील ‘अ‍ॅक्शनएड’चा प्रारंभ १९७२ साली झाला, तो ८८ देणगीदारांनी भारत व केनियातील ८८ मुलांचे पालकत्व पत्करून. या उपक्रमाची फलश्रुती केवळ भावनिक आहे, असे म्हणता येणार नाही. ब्रूस वायडिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ‘कम्पॅशन’ या संस्थेचे साहाय्य लाभलेली मुले सरासरीने एक ते दीड वर्ष अधिक शिकली, असे त्यात आढळले.

परंतु देणगीदाराच्या हाती पडणारे पत्र तयार कसे होते? कोणीतरी शाळेत जाऊन मुलाला लिहावयास बसवितो. दुसरा त्याचे भाषांतर करतो. मुलाचा ठावठिकाणा उघड होईल असा मजकूर तिसरा गाळतो, योग्य देणगीदाराच्या नावे त्याची नोंद करतो, आणि ज्यांचा हप्ता थकला त्यांना नम्र स्मरणपत्रही धाडतो. यांतील पहिले काम सोडले, तर उरलेली घरी बसून करता येतात. भाषांतर तर अनेक संस्थांत स्वयंसेवक घरीच व विनामूल्य करतात. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर ब्रिटनमधील पगारी कर्मचाऱ्यांपैकीही पुष्कळांची कचेरी स्वयंपाकघरातील मेजावर आली.

संस्थेचे भाडे वाचले, ही काटकसर मानली जाते. वस्तुतः खर्च नाहीसा झालेला नाही. तो कर्मचाऱ्याच्या घरखर्चात मिसळला आहे. घरून काम करणाऱ्या नोकराला मालकाने पावत्यांवाचून देता येणारी करमुक्त रक्कम ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२० मध्ये आठवड्याला ४ पौंडांवरून ६ पौंडांवर नेली. इंग्लंडातील हिवाळ्यात दिवसभर खोली उबदार ठेवणाऱ्याला ही रक्कम कितपत पुरली असेल? स्वयंसेवकाला तर तेवढेही नाही, आणि त्याच्या श्रमाची राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मोजदादही होत नाही.

या लपवाछपवीचे मूळ देणगीदाराच्या एका आवडत्या प्रश्नात आहे: दिलेल्या पैशापैकी मुलापर्यंत किती पोहोचले? प्रश्न गैर नाही. पण त्यामुळे प्रशासकीय खर्च म्हणजे जणू गळती, अशी समजूत दृढ झाली आहे. १९९८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने या संस्थांची झाडाझडती घेतली, तेव्हा मालीतील एक मुलगी मरण पावल्यानंतरही तिच्या नावे देणगी घेतली जात असल्याचे उघड झाले. ती जिवंत आहे की नाही, हे पाहण्यासाठी कोणीतरी गावात जावे लागते, आणि त्या माणसाचा प्रवासखर्च हा शेवटी खर्चच असतो.

भारताच्या कायद्यातही हीच समजूत डोकावते. परकीय देणग्यांतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. २०११ च्या नियमांनी टपाल, प्रवास व अहवाललेखन हे खर्च प्रशासकीय सदरातच घातलेले आहेत. मोठ्या संस्था यातून वाट काढतील. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेत मात्र पत्रे लिहून घेण्याचे काम शिक्षिकेने रात्री घरी करावयाचे, असेच घडण्याचा संभव अधिक.

ब्रिटनमधील धर्मादाय संस्थांच्या हिशेबपद्धतीत सामान्य स्वयंसेवकांच्या श्रमाला पैशाच्या रूपात स्थान नाही. वार्षिक अहवालात त्याचे केवळ वर्णन असते. त्या वर्णनाशेजारी तासांचा आकडा छापावयास फारसा खर्च येणार नाही. घरून झालेल्या पगारी कामाचे तास व त्यापोटी दिलेला भत्ता हेही तेथेच दाखविता येतील. मुलांची पत्रे जेथे लिहिली जातात, त्या देशांतील भागीदार संस्थांचे तास याच कोष्टकात आले, तर देणगीदाराला आपल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीपेक्षा पुष्कळच खरे मिळेल.