नोकरीची पहिली पायरी : घरातील कागदांची पेटी

बाप रोजमजुरी करतो, आई निंदणाला जाते आणि मुलगा आय. टी. आय. होऊन घरी बसला आहे. वर्धा जिल्ह्यात आपल्या वस्तीत असे घर शोधावे लागत नाही. पुलगावची कापड गिरणी बंद पडली. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम मिळते ते कापसाच्या हंगामापुरते. मग सुशिक्षित बेकार मुलगा पुण्याची गाडी धरतो. जवळ काम नाहीच, असे आपण धरून चालतो. पण हाती आलेले कामही आपण कधी कधी कागदापायी गमावतो, त्याचे काय?

आमच्याकडे असाच एक फिटर झालेला मुलगा आला होता. केंद्र सरकारच्या एका भरतीत तो लेखी परीक्षा उतरला. कागद तपासणीच्या दिवशी त्याच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले निघाले. केंद्राच्या नमुन्यातला दाखला मिळेपर्यंत मुदत संपली. त्याची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, अभ्यास तं पोरानं केला. कागदाचं आमाले कोणी सांगतलंच नाही." त्या माउलीला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

१९५६ साली आपण धम्म स्वीकारला. पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क दिला तो १९९० साली, कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा. त्यासाठी धर्म बौद्ध असला तरी दाखल्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. टाकून दिलेली जात पुन्हा कशाला लिहावी, असे अनेक वडीलधाऱ्यांना वाटते. ही भावना आम्हीही जाणतो. परंतु हा उल्लेख म्हणजे जातीचा अभिमान नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, आणि हक्क त्या पुराव्यावर उभा आहे.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा किंवा गावच्या कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद शोधून ठेवावी. शासनाच्या राखीव जागेसाठी पुढे जात वैधता प्रमाणपत्रही लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून हे होत नाही. मुलगा बारावीत किंवा आय. टी. आय.त असतानाच सुरुवात करावी. अर्जाची पोच मागून घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते.

दुसरी गोष्ट 'स्थानिक' या शब्दाची. शासनाची सवलत घेणाऱ्या उद्योगांनी स्थानिकांना प्राधान्य द्यावे, असा राज्याचा नियम आहे. २००८ च्या शासन निर्णयात हे प्रमाण ८० टक्के सांगितले होते. पण त्यात स्थानिक म्हणजे कारखान्याशेजारचा नव्हे, तर १५ वर्षे महाराष्ट्रात राहिलेला. म्हणून देवळी किंवा भूगावच्या गेटवर "आम्ही इथलेच" एवढे म्हणून भागत नाही. अधिवासाचा दाखला पेटीत हवा.

तिसरी अडचण अनुभवाची. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही! ही गाठ सोडवायला १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. त्यात अनुसूचित जातींसाठी जागा राखीव आहेत. विद्यावेतन थोडे असले तरी हाताला सवय होते आणि प्रमाणपत्र मिळते. ज्याला स्वतःचे दुकान टाकायचे आहे त्याने महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे चौकशी करावी. १९७८ साली ते आपल्यासारख्यांसाठीच स्थापन झाले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगणे आहे. लग्नानंतर नाव बदलले तरी जातीचा पुरावा माहेरचाच लागतो. लेकीला भांडी देता, तशी तिच्या कागदांची फाईलही द्या. सासरी गेल्यावर दर कागदासाठी तिने बापाच्या गावी किती खेटे घालावेत?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. १९४५ साली त्यांच्याच खात्याखाली, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना व कामगारांना काम मिळावे म्हणून, सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था उभी राहिली. काम शोधणाऱ्याला एकटे सोडू नये, हाच त्यामागचा विचार. तोच विचार आपल्या विहारात का आणू नये? रविवारी वंदना झाली की तासभर एक वही उघडा. कोण काय शिकला, कोणता कागद नाही, कोणत्या भरतीची शेवटची तारीख कधी, हे तीत लिहा. वस्तीत निवृत्त कारकून, शिक्षक, रेल्वेचे कामगार आहेत. त्यांनी मुलांचे अर्ज तपासून द्यावेत.

कागद पूर्ण झाले म्हणजे नोकरी लागलीच, असे आम्ही म्हणणार नाही. जागा थोड्या आहेत, कंत्राटी वाढल्या आहेत. पण शिकलेल्या पोराला कागदाअभावी गेटवरून परतावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे. आज रात्री जेवणे झाली की ती पेटी उघडा, मुलांना जवळ बसवा आणि काय आहे, काय नाही ते पाहा.

जयभीम!