तेरा वर्षांनंतरचे सुरेश भट

१३, ९, ११ आणि ८. गझलकार सुरेश भटांच्या पाच कवितासंग्रहांमधली ही वर्षांची अंतरे. 'रूपगंधा' १९६१, 'रंग माझा वेगळा' १९७४, 'एल्गार' १९८३, 'झंझावात' १९९४, 'सप्तरंग' २००२. एक्केचाळीस वर्षांत पुस्तके पाचच. पुढच्याच वर्षी, १४ मार्च २००३ रोजी, नागपुरात त्यांचे निधन झाले.

यांतले पहिले, तेरा वर्षांचे अंतर मला सर्वांत बोलके वाटते. पुस्तकांच्या हिशेबात कवी गप्प होता. गाण्यांच्या हिशेबात नव्हता. 'रूपगंधा'ची एक जुनी प्रत संगीतकार हृदयनाथ मंगेशकरांच्या हाती लागली आणि त्यातून चाली जन्मल्या. १९७० साली 'घरकुल' चित्रपटातून 'मलमली तारुण्य माझे' आशा भोसले यांच्या आवाजात घरोघरी गेले. म्हणून १९७४ मध्ये दुसरा संग्रह आला तेव्हा कवी लोकांच्या ओळखीचा होता. लोकांनी त्याला आधी ऐकले, मग वाचले.

समीक्षेची अडचण इथेच झाली असावी. माधव ज्युलियनांची 'गज्जलांजली' १९३३ची. तिच्यानंतर चार दशकांनी कुणी गझल इतक्या निष्ठेने मांडत होते, तर 'हा तंत्राचा खेळ' असा शेरा मारणे सोपे होते. तंत्र कडक आहेच. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या (द्विपदीच्या), दोन्ही ओळींत काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागून येणारे तेच शब्द, पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत; शेर किमान पाच, आणि प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता. भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून हे सारे नवोदितांपुढे उघडे केले. स्वतःची गझल ते स्वतः गात. वरची ओळ पुन्हा आळवायची, काफियाच्या तोंडाशी श्रोत्याला क्षणभर ताटकळत ठेवायचे आणि मग शेर पुरा करायचा, ही मैफलीची रीत. छापील पानावरून या कवितेचे मोजमाप करणाऱ्याच्या हाती निम्मेच लागते.

मानसन्मानाचे आकडे पाहा. साहित्य अकादमी पुरस्कार: शून्य. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद: शून्य. नागपूरच्याच कवी ग्रेसांना अकादमीचा मान २०११ साली तरी मिळाला. भटांच्या बाबतीत मराठी समीक्षा कमी पडली, असे मी स्पष्ट म्हणेन.

दाद मात्र थांबली नाही. २०१० मध्ये संगीतकार कौशल इनामदारांनी भटांचे 'लाभले आम्हास भाग्य' शंभराहून अधिक नामवंत गायकांकडून गाऊन घेतले. २०१७ साली नागपूरच्या रेशीमबागेत भटांच्या नावाचे सुमारे दोन हजार आसनांचे सभागृह उभे राहिले.

तीन-चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत गझलेचे मोजकेच शेर मावतात. उरलेले पुस्तकात राहतात. नागपूरकरांना एवढीच विनंती, त्या सभागृहात कार्यक्रमाला जाल तेव्हा आधी 'रंग माझा वेगळा' घरी आणा आणि न गायले गेलेले शेर मोठ्याने वाचा.