फळा, बाक आणि मास्क

वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने मास्क लावण्याचा नियम महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये खऱ्या अर्थाने लागू झाला तो २३ नोव्हेंबर २०२० पासून. त्याआधी मार्चच्या मध्यापासून शाळा बंदच होत्या. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो देशातला पहिला बळी. तेव्हा शहरभर मास्क आणि रुमाल दिसू लागले, पण शाळांना सुट्टी दिली गेल्याने वर्गातल्या मास्कचा प्रश्न तेवढ्यावर टळला. २०२० मध्ये तो टळण्यासारखा नव्हता. राज्याने नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास परवानगी दिली आणि अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. त्यामुळे शाळा उघडण्याच्या तारखा जिल्ह्याजिल्ह्यांत पुढेमागे झाल्या. अटी मात्र सगळीकडे सारख्याच होत्या. पालकांचे संमतीपत्र, शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी, एका बाकावर एक विद्यार्थी, तीन-चार तासांची शाळा आणि तोंडाला मास्क.

खान्देशात या अटींमागे भीतीचा ताजा संदर्भ होता. २०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातला कोरोनाचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता आणि अमळनेर, भुसावळ ही नावे रोज बातम्यांत येत होती. संमतीपत्रावर सही करताना पालकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र असणार. मुलाच्या दप्तरात वह्यांबरोबर एक जादा मास्क आणि सॅनिटायझरची छोटी बाटली जाऊ लागली.

पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले आणि महिन्याभरातच रुग्णसंख्या वाढल्याने पुन्हा कुलपे लागली. दुसरी लाट ओसरल्यावर ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावी, १ डिसेंबरपासून पहिलीपर्यंतचे सगळे वर्ग, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद आणि २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू, असा हा प्रवास झाला. म्हणजे लहान मुलांनी वर्गात मास्क लावून काढलेला काळ जेमतेम काही महिन्यांचाच.

मास्क दोन कामे करतो. लावणाऱ्याच्या तोंडातून बोलताना, खोकताना, शिंकताना उडणारे थेंब अडवतो आणि बाहेरून येणाऱ्या थेंबांपैकी काही गाळतो. पहिले काम साधा कापडी मास्कही बऱ्यापैकी करतो. दुसऱ्या कामासाठी गाळणी बारीक हवी. सर्जिकल आणि एन-९५ मास्कमधला मधला थर विजेचा सूक्ष्म भार दिलेल्या तंतूंचा असतो आणि तो बारीक कण आपल्याकडे ओढून धरतो. साबणाच्या पाण्यात धुतला की हा भार उतरतो. घरोघरी सर्जिकल मास्क धुऊन दोरीवर वाळत घातले जात होते, त्यातून मास्क स्वच्छ होत असे, पण त्याची गाळणी निकामी होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सुचवलेला कापडी मास्क तीन थरांचा होता: आत ओल शोषणारे सुती कापड, मध्ये न विणलेले पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पाणी न धरणारे कापड. बचत गटांच्या बायकांनी आणि गावातल्या शिंप्यांनी शिवलेले बहुतेक मास्क दोन पदरी सुती होते. कापसाच्या मुलखात तेच हाताशी होते आणि ते धुता येत, ही त्यांची जमेची बाजू.

मुलांच्या बाबतीत खरी अडचण कापडापेक्षा मापाची. मोठ्यांसाठी बेतलेला मास्क तिसरी-चौथीतल्या मुलाला लावला की गालाशी दोन्ही बाजूंना फट राहते. श्वास कापडातून जाण्याऐवजी त्या फटीतून जातो. आया त्यावर तोडगा काढत: कानामागच्या इलॅस्टिकला गाठ मारत. त्याने मास्क घट्ट होई, पण मधोमध दुमडून नाकावर उभा राही, तासाभरात कान दुखत आणि मास्क हनुवटीवर उतरे. चष्मा असलेल्या मुलांच्या काचांवर वाफ धरे ती वेगळीच. मधल्या सुट्टीत एकमेकांचे रंगीत मास्क लावून बघणारी पोरे कोणत्याच परिपत्रकात नव्हती, वर्गात मात्र होती.

नियमांची अंमलबजावणीही थोडी उलटी झाली. फाटकावर थर्मल गन, हातावर सॅनिटायझर आणि मास्क आहे की नाही याची तपासणी. म्हणजे कडक पहारा मोकळ्या हवेत, जिथे संसर्गाचा धोका सर्वांत कमी. धोका होता बंद खोलीत, शेजारी शेजारी दोन-तीन तास बसण्यात. तिथे पहारा ढिला पडे, कारण एकच शिक्षक फळ्याकडेही बघणार आणि चाळीस नाकांकडेही. विषाणू हवेतल्या बारीक कणांतूनही पसरतो हे पुढे स्पष्ट झाले, तसे खिडक्या उघड्या ठेवण्याचे महत्त्व वाढले. समोरासमोर खिडक्या असलेल्या जिल्हा परिषदेच्या जुन्या खोल्या या बाबतीत दाटीवाटीच्या शहरी वर्गांपेक्षा सरस ठरतात. तपासणीच्या रांगेला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे खिडक्यांना मिळाले नाही.

कोणत्या वयाच्या मुलाने मास्क लावावा, याबाबत वैद्यकीय सल्ला नियमापेक्षा मवाळ होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको, सहा ते अकरा वयोगटात परिस्थिती पाहून ठरवावे आणि बारा वर्षांपुढे मोठ्यांचेच नियम लावावेत. केंद्राच्या आरोग्य यंत्रणेने जून २०२१ मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेच्या फाटकावर मात्र पहिलीतले पोर आणि दहावीतला मुलगा एकाच मापाने मोजले गेले.

या सक्तीची किंमत सर्वांत जास्त लहान वर्गांत मोजावी लागली. मास्कमुळे आवाजातले उंच स्वर दबतात. साध्या सर्जिकल मास्कने तीन-चार डेसिबल, एन-९५ ने सुमारे बारा डेसिबलपर्यंत. स, श, फ, थ असे वर्ण याच उंच स्वरांतून ओळखू येतात. मोठा माणूस संदर्भावरून शब्द जुळवून घेतो, पण भाषा शिकणाऱ्या मुलाकडे तो संदर्भच नसतो. ते शिक्षकाच्या ओठांकडे बघून शिकते. खान्देशात तर पुष्कळ मुलांची घरची भाषा पाठ्यपुस्तकाची नसते. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर पावरी आणि भिल्लांच्या बोली, साक्रीच्या पश्चिम भागात कोकणी आणि मावची, तर मैदानात अहिराणी. अहिराणीत 'ळ' च्या जागी पुष्कळदा 'य' येतो, डोळ्याचा डोया होतो. पुस्तकातला 'ळ' शिकवायचा तर शिक्षक तोंड उघडून टाळ्याकडे वळलेली जीभ दाखवतात. मास्कमागून हे दाखवता येत नाही. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये दुसरीत बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता. कर्णबधिर मुलांची अडचण तर उघडच होती; त्यांच्यासाठी पारदर्शक मास्क निघाले, पण ते सर्वत्र पोहोचले नाहीत.

मग मास्कचा उपयोग किती झाला? बांगलादेशात सहाशे गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारा संसर्ग सुमारे अकरा टक्क्यांनी घटला. पण ती चाचणी प्रौढांवर होती आणि फायदा मुख्यतः वयस्करांना दिसला. शाळांवरचे निष्कर्ष जुळत नाहीत. स्पेनच्या कॅटलोनियात सहा वर्षांपासून मास्क सक्तीचा होता, पाच वर्षांच्यांना नव्हता; या दोन वयांतल्या संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेत बॉस्टन परिसरात २०२२ मध्ये सक्ती उठवलेल्या शाळांत मात्र रुग्ण जास्त सापडले. दोन्ही ठिकाणी पाहणी होती, प्रयोग नव्हता, एवढे लक्षात ठेवून दोन्ही निष्कर्ष वाचायला हवेत.

खान्देशासाठी याहून बोलका पुरावा आयसीएमआरच्या सिरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहणीत, आहे. महाराष्ट्रातल्या ज्या सहा जिल्ह्यांत ते झाले, त्यांत जळगाव होता. २०२१ च्या जून-जुलैतल्या चौथ्या फेरीत देशभरात सहा ते नऊ वयोगटातल्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयोगटातल्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. मुलांचे लसीकरण तेव्हा सुरूच झाले नव्हते. शाळा बहुतेक काळ बंद असताना, मुख्यतः घराघरांतूनच निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. हे पाहता डिसेंबर २०२१ नंतर पहिली-दुसरीच्या मुलांवरची सक्ती फारशी समर्थनीय वाटत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी-दहावीच्या मुलांना मास्क लावायला लावणे ही गोष्ट वेगळी. लस नव्हती, घरी आजी-आजोबा होते, मुले नियम पाळण्याएवढी जाणती होती आणि हिवाळ्यातल्या तीन तासांच्या शाळेत मास्कचा जाचही कमी होता.

उन्हाळ्यात तो जाच वाढला. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होते आणि जळगावचा पारा चाळिशीपार गेला होता. भरउन्हात डोक्याला बागायतदार रुमाल किंवा स्कार्फ गुंडाळण्याची सवय इथे घरोघरी आहे, पण तो सैल असतो आणि सावलीत आले की सुटतो. घामाने भिजलेला मास्क नाकाला चिकटतो, त्यातून श्वास घेणे जड जाते. त्याच महिन्यात दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा झाल्या. दोन वर्षांत लिहिण्याची सवय मोडल्याने मोठ्या पेपरना अर्धा तास वाढवून दिला होता, तोही मास्क लावूनच काढायचा होता.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्याने सर्व निर्बंध उठवले आणि मास्क ऐच्छिक झाला. दहावीचा शेवटचा पेपर ४ एप्रिलला होता, म्हणजे त्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला सूट आली ती जवळजवळ परीक्षा संपल्यावरच. जूनच्या सुरुवातीला रुग्ण पुन्हा वाढू लागले तेव्हा आरोग्य विभागाने जिल्ह्यांना पत्र पाठवून शाळांसह बंदिस्त जागांत मास्क लावण्यास सांगितले. त्यावरून संभ्रम झाला आणि हे आवाहन आहे, सक्ती नव्हे, असा खुलासा आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना करावा लागला. जूनच्या मध्यात नवे शैक्षणिक वर्ष मास्कच्या सक्तीविना सुरू झाले.