परसातला माका

पावसाळा सुरू झाला की ओढ्याकाठी, भाताच्या बांधावर, पाटाच्या कडेने एक लहानसे रोपटे आपोआप उगवते. पाने समोरासमोर, अरुंद, हाताला खरखरीत. पानाच्या बगलेत शर्टाच्या गुंडीएवढे पांढरे फूल. हाच माका, आयुर्वेदातला भृंगराज. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातला, पण कोणी कौतुकाने न लावलेला. गणपतीच्या एकवीस पत्रींत त्याला मान आहे, श्राद्धालाही तो लागतो, म्हणून भाद्रपदात बाजारात त्याच्या जुड्या दिसतात. एरवी तो तण म्हणून उपटला जातो.

ओळख पटवायची असेल तर कोवळा देठ मोडून बोटांत चोळावा. थोड्या वेळात रस काळपट पडतो. गाजर गवताचे फूलही पांढरे व बारीक असते, पण त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात. नर्सरीत जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची शोभेची वेल मिळते, तिलाही काही जण माका म्हणून खपवतात. ती मूळची अमेरिकेकडची, वेगळीच वनस्पती आहे.

फुकट मिळणारा माका घरी का लावायचा? कारण तो सर्वांत जास्त माजतो तो गटाराच्या कडेला. तिथले सांडपाणी किंवा शेतातले तणनाशक पाल्याबरोबर आपल्या घरात येते. त्यापेक्षा जुने घमेले बरे. तळाला भोके पाडून त्यात माती व शेणखत भरावे. सुकलेल्या फुलांतले काळे बी बारीक वाळूत मिसळून वर नुसते भुरभुरावे. ते मातीत पुरू नये, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. बी नसेल तर कोवळ्या फांदीचे दोन पेरांचे तुकडे ओल्या मातीत खोचावेत. पेरांतून मुळे फुटतात. ऊन हवे आणि ओल सतत हवी. पाणी चुकले की माका लगेच मान टाकतो. फुले येऊ लागली की चार बोटे ठेवून वरचा भाग कापावा, पुन्हा फुटवा येतो. सगळ्याच फुलांचे बी होऊ दिले तर मात्र शेजारच्या कुंड्यांतही माकाच माका!

तेलासाठी पाला धुऊन, वाटून रस काढावा. एक वाटी तिळाच्या तेलात चार वाट्या रस घालून मंद आचेवर पाणी आटेपर्यंत उकळावे. वात तेलात बुडवून पेटवली असता तडतडली तर पाणी शिल्लक आहे असे समजावे. हे तेल डोक्याला चांगले; टक्कलावर केस उगवतील असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा चट्टे येतात, त्यांनी जपावे. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या असल्याने माकाही बाधू शकतो. कोपराच्या आतील बाजूस थेंबभर तेल लावून दोन दिवस पाहावे.

काविळीवर माक्याचा रस देण्याची प्रथा गावोगाव आहे. पावसाळ्यातली कावीळ बहुधा दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूंमुळे होते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय रसाला मिळते. पण सगळेच बरे होत नाहीत. रोगी बरळू लागला, फार झोपाळला, उलट्या थांबेनात किंवा रक्तस्राव झाला, तर यकृत निकामी होत असण्याची शक्यता असते. गरोदर स्त्रीला हिपॅटायटिस ई झाल्यास जिवावर बेतू शकते. तिचे डोळे पिवळे दिसताच रसाची वाट न पाहता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.