सिंफनी, अभिजात

संपूर्ण वाद्यवृंदासाठी रचलेला, सामान्यतः चार खंडांचा पाश्चात्त्य संगीतप्रकार. हायडन (१७३२–१८०९) व मोट्सार्ट (१७५६–९१) या ऑस्ट्रियन संगीतकारांच्या हाती त्यास अभिजात रूप लाभले. पहिला खंड बहुधा जलद, दुसरा संथ, तिसरा मिन्युएट या तीन मात्रांच्या नृत्यावर आधारलेला व चौथा पुन्हा जलद असतो.

तरुण भारतीय श्रोत्यास सिंफनी दुर्बोध वाटते, ती चाल अनोळखी असते म्हणून नव्हे. मोट्सार्टच्या ४० व्या सिंफनीची (१७८८) आरंभीची चाल अनेक मराठी घरांत नकळत पोहोचलेली आहे. छाया (१९६१) या हिंदी चित्रपटातील तलत महमूद व लता मंगेशकर यांच्या युगुलगीताचा मुखडा सलिल चौधरी यांनी तीवरच बांधला. खरी अडचण षड्जाची आहे. आपल्या मैफलीत तंबोरा आरंभापासून अखेरपर्यंत एकच षड्ज धरून असतो. सिंफनीत षड्जच स्थलांतर करतो. त्याचे दूर जाणे व परतणे हेच तिचे कथानक होय. केवळ चालीवर लक्ष ठेवणाऱ्यास ते निसटते.

या सिंफनीचा पहिला खंड सोनाटा रचनाबंधात आहे. प्रस्थापना, विकसन व पुनःस्थापना असे त्याचे तीन भाग पडतात. व्हायोलांच्या अस्वस्थ कुजबुजीवर व्हायोलिने पहिला विषय मांडतात. कोमल धैवत, पंचम, पंचम हा दोन आखूड व एक लांब स्वरांचा तुकडा त्याचे बीज होय. षड्ज ‘जी’, म्हणजे पेटीची पांढरी पाच, गांधार कोमल. पुढे क्षणभर शांतता होते आणि दुसरा, मवाळ विषय येतो. त्याचा षड्ज काळी पाच, अर्थात आधीचा कोमल गांधार. आपल्याकडील मूर्च्छनेशी ही क्रिया मिळतीजुळती असून तिच्यामुळे गांधार शुद्ध होतो व वातावरण निवळते. विकसनात षड्ज अनपेक्षितपणे काळी तीनवर सरकतो व पहिल्या विषयाचे तुकडे निरनिराळ्या वाद्यांत फेकले जातात. पुनःस्थापनेत दोन्ही विषय परततात, परंतु मवाळ विषयही आता पांढरी पाचवर, कोमल गांधारासह येतो. तीच चाल, पण दिलासा गेलेला! हा बदल ज्याच्या कानी पडला, त्यास सिंफनी समजू लागली. मोठा आवाज म्हणजे सिंफनी, हा समज मात्र चुकीचा आहे. या रचनेत ट्रंपेट व नगारे नाहीतच.

अमेरिकन संगीतनियोजक लेनर्ड बर्नस्टाइन (१९१८–९०) यांनी न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाच्या युवा श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांतून (१९५८–७२) विकसन हेच सिंफनीचे मर्म म्हणून समजावून दिले.

मुंबईत मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. विख्यात संगीतनियोजक झुबिन मेहता (१९३६– ) हे त्यांचे पुत्र होत. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया कार्यरत आहे. मुंबईपासून दूर, गोंदियासारख्या जिल्ह्यांत ध्वनिमुद्रणावरच भिस्त ठेवावी लागते. तथापि भजनी मंडळाची पेटी तेथेही असते. ध्वनिमुद्रण लावून उपर्युक्त तीन पट्ट्या क्रमाने धरल्यास षड्जाचा प्रवास पडताळता येतो. मोट्सार्टकालीन धाटणीच्या वाद्यांवरील ध्वनिमुद्रणांत स्वर बहुधा थोडे उतरलेले असतात. ती या कामी टाळावीत.